नाताळचं आमंत्रण आलंय, जाऊ की नको?

ताई,

मी सांगलीची. पुण्यात शिकते आणि एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर ऑक्टोबरात जर्मनीत लाइपझिगला आले आहे. वसतिगृहात आमचा चौघींचा फ्लॅट आहे, स्वयंपाकघर सामायिक. नाताळची दोन आठवडे सुट्टी आहे आणि बाकीच्या तिघीही घरी चालल्या आहेत. त्यातली एक जर्मन मुलगी मला म्हणाली, "एकटी इथे काय करशील, आमच्याकडे चल." तिचं गाव एर्त्सगेबिर्गच्या डोंगरात, आनाबेर्गजवळ आहे. मी "बघते, थँक्यू" म्हणाले. त्याला आठवडा झाला, तिने परत विषयच काढलेला नाही. मग वाटतं, आपलं तोंडदेखलं विचारलं असेल. मी शाकाहारी आहे, केकमधलं अंडं तेवढं चालतं. जर्मन जेमतेम येतं. ऐन सणात त्यांच्या घरी माझी अडचण नको व्हायला.

इथली आपली मुलं आठ दिवसांत पाच देश करणार आहेत. मलाही चल म्हणतात, पण खर्च माणशी सातशे युरोंच्या घरात जातो. आई म्हणते, अनोळखी घरी राहायचं नाही, गुपचूप वसतिगृहात राहा. आणि ताई, खरं सांगू? दिवाळी इथे एकटीने काढली. आता चार वाजता अंधार पडला की मला रडू येतं. सगळ्या गेल्यावर त्या फ्लॅटमध्ये मी कशी राहणार?

– एक सांगलीकर, लाइपझिग

प्रिय सांगलीकर,

जा. तिच्या घरी जा, आणि येतेस हे तिला आजच सांग. बाकीचं सविस्तर लिहितेच आहे, पण या एका गोष्टीला आधीच उशीर झालाय, म्हणून ती पहिल्यांदा.

तिने परत विचारलं नाही, याचा तू लावलास तो अर्थ नाही. आपल्याकडे कुणी जेवायला बोलावलं की आपण "कशाला उगीच त्रास" म्हणतो, समोरचा "त्रास कसला, यायचंच" म्हणतो, आणि मग कुठे आपण हो म्हणतो. आग्रह झाला नाही तर बोलावणं खरं नव्हतं असं आपण धरून चालतो. जर्मन घरांत आग्रहाची ही रीत नाही. तिथे एकदा विचारतात, मनापासून विचारतात, आणि उत्तराची वाट बघतात. पुन्हा पुन्हा विचारलं तर समोरच्याला भरीला पाडल्यासारखं होईल, असं त्यांना वाटतं. तुझं "बघते" तिने जसंच्या तसं घेतलं असणार, की ही विचार करून सांगणार आहे. आठवडाभर तू काहीच बोलली नाहीस, तेव्हा आता तिला वाटत असेल की तुला यायचं नाही आणि तोंडावर नाही म्हणायला जड जातंय.

आणि तोंडदेखलं म्हणशील, तर २४ डिसेंबरच्या संध्याकाळचं आमंत्रण तोंडदेखलं नसतं गं. ही जर्मनीतली सगळ्यांत घरगुती संध्याकाळ. शेजारपाजारचे, ऑफिसातले, लांबचे ओळखीचे यांना त्या दिवशी सहसा बोलावत नाहीत. शिकायला, नोकरीला गेलेली मुलं त्या दिवशी आईवडिलांकडे येऊन पोचतात, आणि दुपारनंतर दारं लागतात. त्या दारातून तुला आत घ्यायचं म्हणजे तिने घरी बोलून ठेवलं असणार. झोपायची सोय, जेवायच्या खुर्च्या, बाजारहाट, सगळं तिथे आधी ठरतं. म्हणून तुझा होकार आज हवा, २२ तारखेला नको.

तिला सरळ विचार: तू मला बोलावलं होतंस, मला खूप आवडेल यायला, अजून जमेल ना? कधी यायचं आणि कधी निघायचं तेही तिलाच विचार. आपल्याला हे विचारायला संकोच वाटतो, पण तिथे पाहुण्याने जायचा दिवस आधी सांगितला की घरच्यांना बरं वाटतं. तिच्याबरोबरच निघायचं आणि २७ ला सकाळी परत यायचं, एवढं पुरे. प्रवास केम्निट्सवरून डोंगरातल्या छोट्या गाडीने, म्हणजे सगळा रिजनल गाड्यांचा. तुझं सेमिस्टर तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास, देशभर चालणाऱ्यांतलं असेल तर वेगळा खर्चही नाही.

आता जेवणाचं. तुझ्या वयाची कितीतरी जर्मन मुलंमुली शाकाहारी आहेत, त्यामुळे तू कुणी विचित्र पाहुणी ठरणार नाहीस. फक्त मोघम बोलू नकोस. "मी व्हेजिटेरियन आहे, पण माझी काळजी करू नका, मी काहीही खाईन" हे वाक्य तर अजिबात नको, कारण त्या घरातली आई ते खरं मानेल. तिच्या हातात यादी पडू दे: मांस नाही, मासे नाहीत, मांसाचं सूप किंवा रस्सा घातलेलं काही नाही, जिलेटीन नाही. दूध, लोणी, चीज चालतं. अंडं केक-बिस्किटांतलं चालतं, नुसतं नाही.

एवढं बारीक सांगते, कारण अडतं ते नेमकं "भाज्यां"पाशीच. आंबवलेला कोबी शिजवताना त्यात बऱ्याच घरी डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. लाल कोबीला हंसाची किंवा डुकराची चरबी असते. मसुरात सॉसेज असतं, बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, आणि बटाट्याचे उकडलेले गोळे स्वतः शाकाहारी असले तरी त्यांच्यावर ओततात तो रस्सा मांसाचा. आठवडाभर आधी कळलं तर ती बाई तुझ्यापुरतं बाजूला काढून ठेवेल आणि मशरूमचा रस्सा वेगळा करेल. ऐन जेवताना कळलं तर तिचाच सण कडू होईल. आपल्या घरी उपासाचं माणूस आधी सांगून आलं तर साबुदाणा भिजतो, न सांगता आलं तर यजमानीण ओशाळते, तसंच आहे हे.

आणि तू चालली आहेस ती एर्त्सगेबिर्गमध्ये, याचा मला फार आनंद झाला. २४ च्या रात्री जर्मनीत असंख्य घरी नुसतं बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज असतं, कारण मोठं जेवण २५ ला. पण या डोंगरात त्या रात्री नॉयनरलाय करतात, म्हणजे नऊ प्रकारांचं जेवण. घरागणिक नऊ पदार्थ थोडे बदलतात, पण प्रत्येकाला काही ना काही कारण असतं. मसूर खाल्ले की वर्षभर सुट्टे पैसे कमी पडत नाहीत, बटाट्याचे मोठे गोळे खाल्ले की मोठ्या रकमा येतात. बिटाने गालांवर लाली राहते. आंबट कोबी खाल्ला की आयुष्य आंबट होत नाही.

मी विद्यार्थिनी असताना त्याच डोंगरातल्या एका घरी हे जेवण जेवले. टेबलावर बसताना आजींनी माझा हात धरून ताटाखाली नेला, तिथे एक नाणं होतं. प्रत्येकाच्या ताटाखाली होतं. एकदा जेवायला बसलं की मधे कुणी उठायचं नाही, असा नियम, म्हणून नऊच्या नऊ भांडी आधीच टेबलावर मांडलेली, मीठ-पाव सुद्धा. वाढताना आजी एकेका पदार्थाचं कारण सांगत होत्या, आणि त्यांचं ते डोंगरी जर्मन मला अर्धंही कळत नव्हतं, तेव्हा त्यांची नात हळू आवाजात साध्या जर्मनमध्ये परत सांगत होती. एक ताट जास्त मांडलं होतं. मला वाटलं ते माझं, पण ते अवचित दारात येईल त्याच्यासाठी होतं. माझी जागा वेगळी होती आणि तिथे घडीच्या कागदावर माझं नाव लिहिलेलं होतं, स्पेलिंग नातीकडून विचारून घेतलेलं. शेवटी दुधात भिजवलेला पाव, बदाम आणि बेदाणे घातलेला. तुला तो आवडेल.

त्या भागात डिसेंबरभर घरोघरच्या खिडक्यांत लाकडी कमानी दिसतील, वरच्या अंगाला दिव्यांची रांग. त्यांना श्विबबोगेन म्हणतात. आता लाइपझिगमध्येही दिसतात, पण त्यांचं माहेर हे डोंगर. इथे शेकडो वर्षं चांदीच्या आणि इतर धातूंच्या खाणी होत्या. २०१९ मध्ये युनेस्कोने हा सगळा खाणप्रदेश, पलीकडच्या चेक बाजूसकट, जागतिक वारशात घेतला. खाणकामगार हिवाळ्यात उजाडायच्या आत खाली उतरायचे आणि अंधार पडल्यावर वर यायचे. कित्येक दिवस सूर्य बघायचाच नाही. प्रकाशाचं एवढं वेड या भागाला लागलं ते त्यातून, असं तिथले लोक सांगतात. खाणी आटत गेल्या तशी सायफेनसारख्या गावांनी लाकूडकाम हाती घेतलं, आणि त्या कमानी, धुराच्या वड्या जाळायचे लाकडी बाहुले, मेणबत्तीच्या उष्णतेवर फिरणारे मनोरे जगभर गेले. चार वाजताच्या अंधाराने तुला रडू येतं ना, तिथल्या माणसांनी त्याच अंधाराशी पिढ्यान्‌पिढ्या झटून काय काय उभं केलंय ते डोळ्यांनी बघ. मला तुला तिथे पाठवायचंय ते मुख्यतः यासाठी.

घरात वागण्याचं फार काही कठीण नाही. बूट दाराशी काढायचे, घरात वापरायच्या सपाता बरोबर ने. आईवडिलांना आधी अहोजाहो कर. ते बहुतेक पहिल्याच दिवशी नावाने हाक मार म्हणतील, मग खुशाल मार. भेटल्यावर "ग्ल्युक आउफ" म्हणालीस तर घरातले वडीलधारे खूश होतील, तो तिथला खाणकामगारांचा जुना नमस्कार आहे. भेट म्हणून घरासाठी एक छोटी वस्तू आणि मैत्रिणीसाठी एक, बस. महागडं काही नको, त्याने त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. चांगला चहा आणि चहाचा मसाला, किंवा तुझ्याजवळ एखादं न वापरलेलं हातमागाचं कापड असेल तर ते फारच छान. तुझ्या नावाचंही झाडाखाली काहीतरी असेल. आपण भेट बाजूला ठेवून पाहुणे गेल्यावर उघडतो, तिथे सगळ्यांसमोर लगेच उघडायची असते आणि देणारा तुझ्या चेहऱ्याकडे बघत असतो. तर उघड, आणि मनात असेल ते बोल.

एक पदार्थ करून घाल, पण विचारून, आणि २४ ला नाही. त्या दिवशी स्वयंपाकघर त्या बाईचं असतं. २६ ला सकाळी शिरा कर. रवा तिथे कुठल्याही दुकानात मिळतो, पाकिटावर "ग्रीस" लिहिलेलं असतं. वेलदोडा त्यांच्या नाताळच्या बिस्किटांत असतोच, त्यामुळे वास त्यांच्या ओळखीचा निघेल. पुरणपोळीच्या वाटेला जाऊ नकोस. दुसऱ्याच्या ओट्यावर, दुसऱ्याच्या लाटण्याने आणि अनोळखी पिठाने ती बिघडते आणि सगळा दिवस जातो. जिन्नस मात्र लाइपझिगहून घेऊन जा, कारण २४ ला दुपारी दोनच्या सुमारास दुकानं बंद होतात आणि मग २५, २६ दोन्ही दिवस उघडत नाहीत.

संध्याकाळी ते चर्चला जाणार असतील तर तूही जा. पूर्व जर्मनीत बरेच लोक एरवी चर्चची पायरी चढत नाहीत, पण २४ ला जातात, आणि या डोंगरात तर जास्तच. तुझा धर्म कुणी विचारणार नाही. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं, गाणी ऐकायची.

२५ आणि २६ हे दोन्ही दिवस सुट्टीचे. सकाळ उशिरा सुरू होते, दुपारी मोठं जेवण, मग सगळे मिळून थंडीत लांब फिरायला, आणि चारच्या आसपास कॉफी आणि श्टोलन, म्हणजे सुकामेवा घातलेला नाताळचा केक. बर्फ असेल तर फिश्टेलबेर्गवर नेतील, १२१५ मीटरचा, सॅक्सनी या तुझ्या राज्यातला सगळ्यांत उंच डोंगर. पायथ्याशी ओबरविझेनटालपर्यंत १८९७ पासून वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी धावते, तिच्यात बसायला मिळालं तर सोडू नकोस. पण नाही नेलं तरी हिरमुसू नकोस. त्या घरात तीन दिवस नुसतं असणं हाच कार्यक्रम आहे. दिवसभर परकी भाषा ऐकून डोकं जड होईल, तेव्हा "मी तासभर पडते" असं सांगून खोलीत जा. कुणाला खटकणार नाही.

भाषेचं म्हणशील, तर तिथे आजीबरोबर भांडी पुसताना तू जेवढी बोलशील तेवढी आत्तापर्यंत वर्गात बोलली नसशील. "ही वस्तू कुठे ठेवू?" हे वाक्य शंभर वेळा म्हण. चुका होऊ देत.

आता तुझी आई. तिचं चूक नाही. लेक सहा-सात हजार किलोमीटरवर, आणि तिला त्या घरातलं एक माणूसही माहीत नाही. म्हणून "मी जाणारच" असं भांडून जाऊ नकोस, तिला माणसं दाखव. निघायच्या आधी एका रविवारी मैत्रिणीला तिच्या आईशी व्हिडिओ कॉल लावायला सांग आणि तुझ्या आईलाही त्यात घे. दोघींना एकमेकींचं बोलणं कळणार नाही, तू आणि ती मुलगी मधे सांगाल. एका आईने दुसऱ्या आईचा चेहरा पाहिला, तिचं स्वयंपाकघर पाहिलं, की निम्मी काळजी तिथेच जाते. घराचा पत्ता, मैत्रिणीचा नंबर, तिच्या आईचा नंबर, जाण्या-येण्याच्या गाड्या, हे सगळं आईच्या फोनवर पाठवून ठेव. आणि ही खबरदारी फक्त आईच्या समाधानासाठी नाही, तुझ्यासाठीही आहे. कुठल्याही कारणाने तिथे बरं वाटलं नाही, तर तू तिथून निघू शकतेस. गाड्या २५, २६ लाही चालतात, कमी असतात एवढंच. परतीच्या गाडीचे पैसे आणि वसतिगृहाची किल्ली तुझ्याजवळ असू दे.

हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो. तिकडे संध्याकाळी सहाला भेटींचं वाटप चालू असेल तेव्हा सांगलीत साडेदहा वाजलेले असतील. म्हणून २४ ला आईशी दुपारीच बोल, आणि संध्याकाळी फोन खोलीत ठेव. जेवताना फोन बघणं तिथे फार मनाला लावून घेतात.

समजा, तू विचारलंस आणि ती म्हणाली की आता जमत नाही, आजीचं येणं ठरलं, खोली नाही. तसं झालं तर ते तेवढंच आहे असं समज आणि दुसरी सोय कर. विद्यापीठांच्या गावांत प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन्ही विद्यार्थी-मंडळ्या असतात, ईएसजी आणि केएसजी किंवा केएचजी अशा नावांनी. बऱ्याच ठिकाणी त्या २४ च्या संध्याकाळी परदेशी विद्यार्थ्यांसाठी जेवण ठेवतात. ख्रिश्चन असावंच लागतं असं नाही. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला आत्ताच विचार, कारण सुट्टी लागली की तेही बंद. तुझ्याच वसतिगृहात दुसऱ्या मजल्यावर एखादा कोरियाचा, एखादी कोलंबियाची असेलच, घरी न जाणारी. दारावर चिठ्ठी लाव: २४ ला संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात खिचडी.

२७ ला परत आलीस की रिकामा फ्लॅट असेलच, आणि त्याची तू आतापासून धास्ती घेतली आहेस. म्हणून थोडं त्याच्याबद्दल. निघण्याआधी डाळ, तांदूळ, बटाटे, कांदे, दूध भरून ठेव. २७ ला रविवार आला तर आणखी एक दिवस दुकानं बंद. ३१ लाही लवकर बंद होतात, १ ला बंदच. स्टेशनातली काही दुकानं उघडी असतात पण भाव चढे. तापाची, सर्दीची गोळी आधीच आणून ठेव. जर्मनीत साधी पॅरासिटामॉलसुद्धा औषधाच्या दुकानाबाहेर मिळत नाही, आणि सुट्टीत पाळीने एखादंच दुकान उघडं असतं. डॉक्टर लागला तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. हीटर पूर्ण बंद करून जाऊ नकोस, अगदी कमीवर ठेव.

अंधाराचं काय करायचं? २१ डिसेंबरच्या आसपास तुझ्याकडे सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारला मावळतो. हे फक्त तुलाच जड जात नाही, तिथे जन्मलेल्यांनाही जातं. त्यांनी डिसेंबर असा मेणबत्त्या, बाजार आणि गाण्यांनी भरून टाकलाय तो याच कारणाने. तू काय कर, दुपारी बारा ते दोन हा वेळ बाहेरचा ठेव, ढग असले तरी. अभ्यास अंधार पडल्यावर. परीक्षा फेब्रुवारीत आहेत हे विसरू नकोस. ही सेमिस्टरच्या मधली सुट्टी आहे, शेवटची नाही. निघण्यापूर्वी एखाद्या शनिवारी दुपारी तीनला थोमासकिर्श या चर्चमध्ये जा. संगीतकार बाख १७२३ पासून १७५० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तिथे संगीताचं काम सांभाळत होता आणि त्याची समाधीही तिथेच आहे. शुक्रवारी सहाला आणि शनिवारी तीनला तिथे मोटेट, म्हणजे धार्मिक समूहगायनाचा कार्यक्रम असतो, बऱ्याचदा तिथल्या मुलांचाच कॉयर गातो, तो १२१२ पासून चालत आलेला आहे. तिकीट अगदी थोडक्या पैशांत मिळतं. सुट्ट्यांतलं वेळापत्रक तेवढं बघून घे. बाहेर पडशील तेव्हा अंधार पडलेला असेल, पण तू शेकडो माणसांबरोबर बाहेर पडत असशील. नाताळ बाजार मात्र त्याआधी बघ. २५ नंतर बघू म्हणशील तर २३-२४ लाच सगळं आवरलेलं असतं.

आणि रडण्याबद्दल. दिवाळी एकटीने काढलीस, हे तू एका ओळीत लिहिलंस, पण मला ते पत्रातलं सगळ्यांत मोठं वाक्य वाटलं. घरापासून लांब पहिल्या सणाला रडू येणं यात काही बिघडलेलं नाही. पण रडू रोज येत असेल, झोप लागत नसेल किंवा दिवसभर उठवत नसेल, जेवण जात नसेल, तर ते नुसतं "घरची आठवण" म्हणून सोडून देऊ नकोस. विद्यार्थ्यांसाठी श्टुडिअरेंडनवेर्कचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेचे, समुपदेशक असतात. सुट्टीपूर्वीची वेळ आजच माग, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत बोलता येतं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलेफोनझेलझोर्गे नावाची हेल्पलाइन आहे, ०८०० १११ ०१११, चोवीस तास, फुकट आणि नाव न विचारता. आईला सांगितलंयस का गं हे? मला लिहिलंस, तिलाही सांग. तिला काळजी वाटेल, पण तू लपवते आहेस हे तिला आवाजावरून कळतच असणार.

३१ ला रात्री रस्त्यावर फटाके खूप उडतात, हातातून बाण सोडणारेही असतात. चौकातल्या गर्दीत जाऊ नकोस, खिडकीतून किंवा चार ओळखीच्या माणसांबरोबर बघ. सांगलीतलं नवीन वर्ष तुझ्याकडे संध्याकाळी साडेसातला लागेल, तेव्हा घरी फोन कर.

राहिली ती पाच देशांची ट्रिप. मुलं चांगली असतील, पण या आठवड्यात नको. आठ दिवसांत पाच देश म्हणजे निम्मा वेळ बसमध्ये. पॅरिसला जाऊन लुव्र संग्रहालय बघायचं म्हणावं तर ते २५ डिसेंबरला आणि १ जानेवारीला बंद. राहायच्या जागांचे भाव वर्षअखेरीला चढलेले. आणि सातशे युरो म्हणजे तुझ्यासारख्या विद्यार्थिनीचा जवळजवळ महिन्याचा खर्च. हिवाळी सेमिस्टर ३१ मार्चपर्यंत चालतं, पण तासिका फेब्रुवारीतच संपतात. परीक्षा झाली की तुझ्याकडे मोकळे आठवडे आहेत, दिवसही मोठे झालेले असतील आणि तिकिटं स्वस्त. तेव्हा एक किंवा दोन देश निवड आणि नीट बघ. प्राग तर लाइपझिगहून जवळच आहे. फक्त तिकीट काढण्याआधी पासपोर्टवरच्या व्हिसाची किंवा निवासकार्डाची तारीख बघ. एक्स्चेंजवाल्यांची मुदत कधी कधी सेमिस्टरच्या आसपासच संपते, आणि मुदत वाढवायची असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेळ मिळायला बरेच आठवडे लागतात. तो अर्ज जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात टाक.

तुझी,
ताई